व्याख्यानाला जाताना खिशात एक पोस्टकार्ड ठेवा

माझ्या कपाटात पोलादाच्या दोन पट्ट्या आहेत. दोन्हींवर बारा इंच कोरलेत, पण शेजारी शेजारी ठेवल्या की लांबी जुळत नाही. बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) कामाची पट्टी खऱ्या फुटापेक्षा १/८ इंच लांब, स्टीलच्या कामाची १/४ इंच. बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मी ३१ वर्षं पॅटर्नमेकर होतो, म्हणजे ज्यावरून साचा तयार होतो तो लाकडी नमुना (पॅटर्न) करणारा. ओतलेला धातू साच्यात गार होताना आकसतो, म्हणून लाकडी पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा. बीड कमी आकसतं, स्टील जास्त. पहिल्याच वर्षी मेस्त्रींनी हे शिकवलं. तसं का, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

उत्तर मिळालं ते एका व्याख्यानात, तेही बर्फावरच्या.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता, विज्ञान दिनाचं निमित्त होतं. टिळकवाडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका बोलत होत्या. पाणी गोठताना आकसत नाही, साधारण नऊ टक्के फुगतं. गोठताना पाण्याचे रेणू एकमेकांना ठरावीक अंतरावर धरून सहा कोनांची जाळी करतात, मधे जागा मोकळी राहते, म्हणून बर्फ तरंगतो, असं त्या समजावत होत्या. ऐकता ऐकता माझ्या डोळ्यापुढं त्या दोन पट्ट्या आल्या. प्रश्नांची वेळ झाली तेव्हा उठून विचारलं, "मॅडम, बीड कमी आकसतं आणि स्टील जास्त. लोखंड तर दोन्हीत आहे. मग असं का?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. उलट मलाच विचारलं, "बिडात कार्बन किती असतो?"

"तीन-साडेतीन टक्के."

"आणि बिडाचा तुकडा मोडला तर आतून कसा दिसतो?"

"राखाडी. बोट फिरवलं तर काळं लागतं."

"ते काळं म्हणजे ग्राफाइट. पेन्सिलीत असतं तेच. बीड गोठताना त्यातला कार्बन बाहेर पडून त्याच्या पापुद्र्यासारख्या चकत्या होतात. लोखंडाच्या मानानं ग्राफाइट फार हलकं, तेवढ्याच वजनाला साडेतीन पट जागा घेतं. लोखंड आत ओढतं, ग्राफाइट बाहेर ढकलतं. तुमची पट्टी या दोघांची वजाबाकी आहे. स्टीलमध्ये कार्बन थोडा, ग्राफाइट सुटत नाही, म्हणून आकसणं पुरं दिसतं."

मी खाली बसलो तो विचार करतच. पातळ कडेला बीड झटकन गार झालं की तिथं 'चिल' येतो, आत पांढरं दिसतं, ड्रिल मोडतं, हे मी शेकडो वेळा पाहिलेलं. म्हणजे तिथं ग्राफाइट सुटायला वेळच मिळत नाही, कार्बन लोखंडाला बांधलेलाच राहतो! बर्फाच्या व्याख्यानातून घरी येईपर्यंत माझ्या ३१ वर्षांच्या कामातल्या निदान तीन गोष्टी सुटल्या होत्या. त्या दिवसापासून मी शास्त्राची, इंजिनियरिंगची व्याख्यानं शोधून शोधून ऐकतो. शिक्षण दहावी आणि आयटीआय. ज्यांना वाटतं की ही व्याख्यानं शिकलेल्यांसाठी असतात, आपल्यासाठी नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कुठं मिळतील

आपल्या भागाला व्याख्यान नवीन नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, बाया-माणसं भात कापून हातपाय धुऊन मांडवात येऊन बसतात. बेळगावात बॅरिस्टर नाथ पै यांच्या नावाची व्याख्यानमाला आहे. ऐकायची सवय आहे, शास्त्राचे विषय मात्र वेचून काढावे लागतात.

त्यासाठी कॅलेंडरवर काही तारखांभोवती पेन्सिलीनं गोल करा. २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन, सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली याच दिवशी आपला शोध जाहीर केला. १५ सप्टेंबर, विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस, म्हणजे अभियंता दिन. त्यांच्याच नावाचं तांत्रिक विद्यापीठ १९९८पासून बेळगावात आहे, आणि इंजिनियरिंग कॉलेजं तर हाकेच्या अंतरावर. २३ ऑगस्ट हा अंतराळ दिन, २२ डिसेंबर हा गणित दिन. या तारखांच्या आगेमागे आठवडाभर कॉलेजच्या फाटकावरचे फलक बघत जा आणि वॉचमनला विचारा, "बाहेरच्यांना चालतंय काय?" बहुतेक ठिकाणी चालतं. एका कॉलेजात मला दारातच थांबवून 'हे इंजिनियरांसाठी आहे' असं सांगितलं होतं. त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं. पुढच्या वेळी मी आधी जाऊन विभागातल्या शिक्षकांना भेटलो, फाउंड्रीत काय करायचो ते सांगितलं. त्यांनी स्वतः खुर्ची दिली. तेव्हा एकदा अडवलं म्हणून जायचं सोडू नका.

गावात काही नसेल तेव्हा मोबाइल आहेच. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळेतल्या मुलांसाठी शनिवारी व्याख्यानं होतात. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय' हा शास्त्रावरच्या गप्पांचा कार्यक्रम २००९पासून चालू आहे, बंगळुरात तसाच 'कापी विथ क्युरिऑसिटी' आहे. यातलं बरंच यूट्यूबवर सापडतं. पण एकट्यानं पाहू नका, चौघांनी बसून पाहा. मधे थांबवून बोलता आलं तरच डोक्यात राहतं.

जाण्याआधी

डॉ. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, म्हणजे आपल्या शेजारचा. मुलं सही मागायला आली की ते सांगत, सही अशी मिळणार नाही. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर लिहून खाली सही करतो. आणि खरंच उत्तरं पाठवत. २०२५च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा कितीतरी जणांनी जपून ठेवलेली ती कार्डं बाहेर काढली.

मी त्यातून एक रीत उचलली. व्याख्यानाचा विषय कळला की आदल्या रात्री एका पोस्टकार्डावर एकच प्रश्न लिहायचा, तोही स्वतःच्या कामातला. पुस्तकातला नको. तुम्ही दूध घालता, गुऱ्हाळ चालवता, शिलाई करता, एसटीत आहात. रोज हाताखालून जाणाऱ्या गोष्टीत एखादी तरी असते जिचं 'का' माहीत नाही. कार्डावर जागा थोडी, त्यामुळं प्रश्न आपोआप नेमका होतो. चार ओळींत मावला नाही तर समजा तो अजून आपल्यालाच कळलेला नाही. शिवाय विषय जुळलाच पाहिजे असं नाही. मी बर्फाच्या व्याख्यानात बीड विचारलं.

ऐकताना

पुढच्या तीन रांगांत बसा. मागे पंख्याचा आवाज असतो, गप्पा असतात, फळ्यावरचं दिसत नाही.

वही न्या, शंभर पानी पुरे. डाव्या पानावर वक्ते काय म्हणाले, उजव्या पानावर आपण काय पाहिलंय. उजवं पान व्याख्यान चालू असताना मोकळं राहिलं तरी हरकत नाही, घरी भरतं. सगळं उतरवायच्या मागे लागू नका. आकडे, आकृत्या आणि न कळलेला शब्द, एवढं टिपा.

टिपणाची ताकद ज्यानं दाखवली तो मायकेल फॅरेडे. लोहाराचा मुलगा, लंडनमध्ये पुस्तकं बांधणाऱ्याकडं उमेदवारी करत होता. १८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला हम्फ्री डेव्ही या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेनं टिपणं काढली, घरी नीट लिहिली, आकृत्या काढल्या, सुमारे तीनशे पानं स्वतःच्या हातानं बांधली आणि डेव्हींना पाठवून दिली. पुढच्या वर्षी त्याला त्यांच्याच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काम मिळालं. आज आपल्या घरात येणारी वीज ज्या तत्त्वावर तयार होते, ते तत्त्व या बुकबाइंडरनं १८३१ साली शोधलं. मोठा झाल्यावर तो स्वतः सामान्य लोकांसाठी, मुलांसाठी व्याख्यानं देत राहिला. एकट्या मेणबत्तीवर त्यानं सबंध व्याख्यानमाला केली. मी पहिली वही संपल्यावर पुठ्ठा आणि खळ घेऊन ती स्वतः बांधली. तशी बांधलेली वही फेकवत नाही.

आता भाषेचं. आपल्याकडं एकाच आठवड्यात एक व्याख्यान मराठीत, दुसरं कन्नडमध्ये आणि तिसरं इंग्रजीत असू शकतं. भाषा बघून व्याख्यान सोडू नका. फळ्यावरची आकृती तिन्ही भाषांत तीच असते. माझं कन्नड कारखान्यातलं, बोलण्यापुरतं. शास्त्राचं कन्नड मी व्याख्यानांतच शिकलो. बरेच शब्द संस्कृतातून आल्यामुळं ओळखीचे वाटतात, आणि तिथंच पाय घसरतो. आपण उष्णता म्हणतो ती पदार्थातली ऊर्जा. कन्नडमध्ये 'उष्णते' तापमानालाही म्हणतात, आणि आपल्या उष्णतेला 'शाख' हा शब्द आहे. एकदा अर्धा तास मी उलटं समजत बसलो होतो. वेग दोन्हीकडं वेगच, पण आपण जिला चाल म्हणतो तिला ते 'जव' म्हणतात. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखून असे शब्द लिहीत चला. आमच्या गल्लीतली कन्नड शाळेत जाणारी मुलं ते पान माझ्याकडून मागून नेतात.

प्रश्न विचारताना

हात वर करायला भीती वाटते ती सगळ्यांनाच. उभं राहून आधी आपलं काम सांगा, मग प्रश्न. 'मी पॅटर्नमेकर आहे' एवढं म्हटलं की वक्त्याला कळतं कुठून सुरुवात करायची. प्रश्न एकच विचारा, भाषण करू नका, बाकीचेही थांबलेले असतात.

आणि कार्डावरचा प्रश्न व्याख्यानात सुटला असेल तर हा विचारा: "हे मोजलं कसं?" यासारखा दुसरा प्रश्न नाही. एक तरुण वक्ते म्हणाले, चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातो. हॉलमध्ये सगळ्यांनी 'अरे वा' केलं. मी विचारलं, ३.८४ लाख किलोमीटरवरची वस्तू बोटभर हलली हे कळतं कसं? त्यांचा चेहरा खुलला. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या माणसांनी तिथं आरशांची पेटी ठेवली. पृथ्वीवरून लेसरचा झोत त्यावर मारायचा, तो परतून यायला अडीच सेकंद लागतात, आणि तो वेळ अतिशय बारकाईनं मोजायचा. वर्षानुवर्षं मोजत राहिलं की फरक दिसतो. व्याख्यानातला सगळ्यात चांगला भाग तो झाला.

हाच प्रश्न खोटं नाणंही ओळखून देतो. 'विज्ञान व्याख्यान' अशा नावाखाली एकदा पेट्रोल वाचवणारं चुंबक विकायला आलेले लोक मी पाहिलेत. कसं मोजलं विचारलं की आवाज चढवतात. खरा अभ्यासक 'हे अजून माहीत नाही' असं निवांतपणे म्हणतो, आणि शेवटी काही विकत नाही.

घरी आल्यावर

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच लोक करत नाहीत. ऐकलेली एक तरी गोष्ट दोन दिवसांत हातानं करून बघायची.

बर्फाच्या व्याख्यानानंतर मी स्टीलच्या दोन सारख्या वाट्या घेतल्या. एकीत पाणी, दुसरीत खोबरेल तेल, दोन्ही काठोकाठ. फ्रिजच्या वरच्या खान्यात सपाट ठेवल्या. सकाळी काढल्या तर पाण्याच्या वाटीत मधे टेंगूळ आलेलं, बर्फ काठाच्या वर. खोबरेलाच्या वाटीत कडा जागेवर आणि मधे खळगा, बोटाचं टोक बसेल एवढा. तो खळगा बघून मी जागीच थांबलो. फाउंड्रीत जाड कास्टिंगच्या (ओतलेल्या तुकड्याच्या) डोक्यावर नेमका असाच खड्डा पडतो. कडेचा धातू आधी गोठतो, मधला शेवटी, आणि आकसताना कमी पडलेली भर मधूनच ओढली जाते. म्हणून आम्ही वर रायझर ठेवतो, म्हणजे जादा धातूचा साठा. खड्डा पडायचा तर त्यात पडू दे, कामाच्या तुकड्यात नको. मी त्याच खळग्यात चमचाभर पातळ तेल घालून वाटी परत आत ठेवली. वाटी सपाट भरली. बायको म्हणाली, "एवढ्या वर्षांत काय करत होतासा ते आज दाखवलंत." तिला रायझर शब्द सांगून कधीच कळला नसता.

हिशेबही करून बघा, त्यालाही हाताचं कामच समजा. जलविद्युतवरचं एक व्याख्यान ऐकून आम्ही पाच-सहा जण पावसाळ्यात गोकाकला गेलो. घटप्रभा तिथं सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. त्या पाण्याची ताकद कापसाच्या गिरणीसाठी एकोणिसाव्या शतकातच वापरात आणली होती. दगडावर बसून वहीत मांडलं. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. गुणिले ९.८ (गुरुत्वाकर्षणाचा आकडा), गुणिले ५२ मीटर, म्हणजे सुमारे ५.१ लाख ज्यूल. ज्यूल हे ऊर्जेचं माप. बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला तर सात. छतावरच्या हजार लिटरच्या सात टाक्या ५२ मीटरवरून ओतल्या तर एक युनिट, आणि यंत्रात थोडं वाया जातं म्हणून आठ धरा. समोर नदी गर्जत होती आणि आम्ही सगळे गप्प होतो. घरी आल्यावर मी गॅलरीतला दिवा विनाकारण जळत ठेवत नाही.

आपल्या गल्लीत करायचं तर

दहा-बारा व्याख्यानं ऐकून झाली की आपल्या गावात एक ठेवा. आमचं पहिलं फसलं. गणपतीच्या मांडवात ठेवलं होतं. सत्कार, शाल-श्रीफळ, परिचय यात पाऊण तास गेला, मग अंधार करून पडद्यावर दोन तास चित्रं. अर्धी माणसं उठून गेली, आणि चांगला वक्ता फुकट गेला याची खंत मला अजून आहे. चूक वक्त्याची नव्हती, मांडणीची होती.

आता आम्ही असं करतो. परिचय दोन वाक्यांत. बोलणं चाळीस मिनिटं, प्रश्न अर्धा तास. पडदा नाही, मधे टेबल, टेबलावर वस्तू, भोवती माणसं. वेळ डेअरीला दूध घालून झाल्यावरची, सुगीचे दिवस सोडून. वक्त्याला येण्याजाण्याचा खर्च पाकिटात घालून आधीच द्यायचा, विचारायची वेळ आणायची नाही.

वक्ते प्राध्यापकच हवेत असं नाही. आमच्याकडं एका लाइनमननं ट्रान्स्फॉर्मर का गुणगुणतो ते सांगितलं, आणि त्या दिवशी उभं राहायलाही जागा नव्हती. बायकांसाठी दुपारी चार वाजता कुंद्यावर, म्हणजे आपल्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईवर ठेवलं. कुंदा तपकिरी का होतो? दुधातलं प्रथिन आणि साखर तापवल्यावर एकमेकांना धरतात, त्यातून तो रंग आणि वास येतो. मेयार या फ्रेंच माणसानं १९१२ साली हे मांडलं, म्हणून या क्रियेला त्याचं नाव. भाकरीचा डाग, भाजलेला कांदा, सगळं त्यातलंच. कढईसमोर बसून ऐकलेलं कोण विसरेल?

दारात एक पत्र्याचा डबा ठेवतो, शेजारी कोरी पोस्टकार्डं. वेळेअभावी राहिलेले प्रश्न त्यात पडतात. उत्तर मिळालं की ते कार्डाच्या पाठीवर लिहून वाचनालयात वर्तमानपत्राच्या स्टँडशेजारी टाचणीनं लावतो.

सध्या डब्यात एक कार्ड आहे, सहावीतल्या मुलीचं. 'थंडीत खोबरेल तेल गोठतं, मग शेंगतेल का गोठत नाही?' रसायनशास्त्राच्या एका बाईंनी जानेवारीत यायचं कबूल केलंय. मी दोन्ही तेलांच्या बाटल्या आणि त्या दोन वाट्या आदल्या रात्रीच पिशवीत भरून ठेवणार आहे.